रोबोटकडून बर नीट निघत नसेल तर: आधी जॉब वाचा, मग पेंडंट हातात घ्या

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंगच्या जॉबवर रोबोटने डीबरिंग करणारे, म्हणजे जॉबच्या कडेवर राहिलेला जादा धारदार धातू (बर) काढणारे, सेल आता जागोजागी दिसतात. त्यांच्याबद्दलची तक्रारही ठरलेली असते: "काल व्यवस्थित चालत होतं, आज बर राहतेय." त्यावरचा उपायही ठरलेला. कुणीतरी पेंडंट (रोबोट हाताने चालवायचा रिमोट) घेतो, बर राहिली तिथला पॉइंट अर्धा मिलिमीटर आत ढकलतो आणि लाइन सुरू करतो. पुढच्या शिफ्टला त्याच जागी कड खाल्ली जाते, मग दुसरा कुणी तो पॉइंट बाहेर ओढतो. महिनाभरात मूळ प्रोग्रॅम ओळखू येईनासा होतो आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. मी पाहिलेल्या अशा तक्रारींत प्रोग्रॅमचा दोष क्वचितच निघाला. हवा, कटर, कोलेट (कटर आवळून धरणारी बाही), फ्लोट, फिक्स्चर (जॉब धरणारी चौकट) किंवा खुद्द कास्टिंग, यांपैकी काहीतरी बदललेलं असतं. म्हणून या लेखात पेंडंटची पाळी जवळजवळ शेवटी येते.

शब्दांचा घोळ नको म्हणून एक सांगतो. आपल्याकडे जॉबच्या कडेवरच्या या जादा धातूलाही 'बर' म्हणतात आणि तो काढणाऱ्या कार्बाइडच्या हत्यारालाही. इथे 'बर' म्हणजे जॉबवरची, आणि हत्याराला 'कटर' म्हणू. स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, हवेवर चालणारा, ३०,००० ते ४०,००० आरपीएमचा आणि बाजूला थोडा झुकू शकणारा, म्हणजे फ्लोट असलेला धरला आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) जॉबवर स्पिंडल बहुधा कडक (न झुकणारा) आणि जास्त ताकदीचा लागतो, कटरही वेगळा असतो. पण दोष शोधायचा क्रम तोच राहतो.

हात घालण्यापूर्वी

स्पिंडलजवळ जाण्याआधी हवेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप लावा आणि नळीतली उरलेली हवा बाहेर काढा. व्हॉल्व्ह बंद आहे म्हणजे दाब गेला, असं धरून चालू नका. रोबोट टीच मोडमध्ये असेल तर त्याचा वेग सेकंदाला २५० मिमीच्या आत राहतो, पण फिरणाऱ्या कटरला हे बंधन नसतं. त्या वेगात तुटलेला कार्बाइडचा तुकडा गोळीसारखा येतो. त्यामुळे स्पिंडल चालू असताना जाळीच्या आत कुणीही थांबायचं नाही, गॉगल घातला असला तरी नाही.

दुसरी गोष्ट अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीची. ती बारीक धूळ पेट घेते, हवेत उडालेली असेल तर तिचा स्फोट होतो. हवेच्या गनने सेल झटकू नका. स्टीलच्या ग्राइंडिंगची ठिणगी त्याच डस्ट कलेक्टरमध्ये जाऊ देऊ नका. आग लागलीच तर पाणी मारू नका, धातूच्या आगीसाठी असलेली कोरडी पावडरच वापरा.

पायरी पहिली: दहा जॉब आणि एक मार्कर

सेलमधून सलग निघालेले दहा जॉब घ्या. प्रत्येकावर क्रम, वेळ आणि कॅव्हिटी क्रमांक (डायमधल्या कोणत्या साच्यातून जॉब निघाला तो) लिहा. एका कागदावर जॉबचं ढोबळ चित्र काढा आणि बर राहिली किंवा कड खाल्ली गेली त्या सगळ्या जागांवर खुणा करा. या कामाला वीस मिनिटं लागतात. उत्पादनवाले घाई करतील, पण ही वीस मिनिटं सोडू नका, कारण पुढचं सगळं या कागदावर अवलंबून आहे.

सगळ्या जॉबवर दोष अगदी त्याच जागी असेल, तर संशय टीसीपी (रोबोटने धरलेली कटरच्या टोकाची जागा), फिक्स्चर किंवा मार्गावर. जागा दर जॉबला बदलत असेल, तर कास्टिंगमधला फरक, हवेचा दाब किंवा अडकणारा फ्लोट. शिफ्टच्या सुरुवातीला ठीक आणि हळूहळू बिघडत जात असेल, तर कटर बोथट होतोय किंवा भरतोय. अमुक वाजेपर्यंत उत्तम आणि त्यानंतर अचानक खराब झालं असेल, तर धडक, सरकलेला कटर किंवा कुणीतरी फिरवलेला रेग्युलेटर. आणि दोष फक्त दोन नंबरच्या कॅव्हिटीच्या जॉबवर असेल, तर रोबोटला सोडा आणि डाय पाहायला जा. एका ठिकाणी आम्ही तीन दिवस स्पिंडल उघडझाक करत होतो. कॅव्हिटी क्रमांकाप्रमाणे जॉब वेगळे केल्यावर कळलं की डायच्या दोन भागांच्या जोडावरच्या (पार्टिंगच्या) कडा एका बाजूला झिजल्या होत्या आणि तिथला फ्लॅश (फटीतून बाहेर आलेला पातळ धातू) दुपटीहून जाड येत होता. स्पिंडल पहिल्यापासून ठणठणीत होता.

उरलेली बर जुनी आहे की नवी?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि बहुतेक चुकीचे उपाय इथूनच सुरू होतात. दहा पटीची लूप (भिंग) घ्या आणि कडेवर जे उरलंय ते पाहा. त्यावर कास्टिंगची करडी, मंद कातडी असेल तर ती मूळ बर आहे. कटर तिथपर्यंत पोहोचलाच नाही किंवा तिच्यावरून घसरून गेला. ती चकचकीत असेल, पातळ असेल आणि एका बाजूला दुमडलेली असेल, तर ती कटरनेच तयार केलेली नवी बर आहे.

दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. जुनी बर राहत असेल तर कटर जॉबवर जास्त टेकला पाहिजे. नवी तयार होत असेल तर जास्त दाबल्याने ती वाढेलच. तिथे धारदार कटर, बदललेली दिशा, किंवा हलक्या दाबाचा दुसरा फेरा लागतो. नखाने हलकेच ओढून पाहा; दुमडलेली बर सहज उचलली जाते.

हवा: सर्वात जास्त दोष इथेच

भिंतीवरच्या एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) युनिटचा गेज ६ बार दाखवतोय, म्हणून हवा ठीक आहे, असं समजू नका. तो स्पिंडल बंद असतानाचा दाब आहे. मोटरला लागणारा दाब स्पिंडल फिरत असताना, तोही रोबोटच्या मनगटाजवळ मोजायला हवा. तिथे टी लावून एक छोटा गेज कायमचा बसवा. बहुतेक स्पिंडलना चालू असताना ६ बारच्या आसपास दाब लागतो. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल. बंद असताना ६ आणि चालू केल्यावर साडेचार, असं दिसलं तर तुमची अर्धी तक्रार तिथेच सापडली. मोकळा फिरताना स्पिंडल ठीक वाटेल, पण बर लागली की वेग पडेल.

दाब कुठे पडतो ते मागे मागे जात शोधा. अरुंद नळी हे पहिलं कारण. आतला व्यास ८ मिमीऐवजी ६ मिमी झाला, तर तेवढ्याच हवेसाठी दाबाचं नुकसान साधारण चौपट होतं. फुटलेल्या नळीच्या जागी स्टोअरमध्ये जी मिळाली ती बसवली, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. क्विक कपलिंग, भरलेला फिल्टर, एकाच लाइनवर जोडलेली ब्लो गन, हेही तपासा. मागच्या बाजूच्या सायलेन्सरला लोक विसरतात. तो तेलकट धुळीने भरला की हवा बाहेर पडत नाही आणि मोटर गुदमरते. कानात प्लग घालून, जाळीबाहेरून, सायलेन्सर काढून स्पिंडल थोडा वेळ चालवा. वेग वाढला तर सायलेन्सर बदला. वेग मोजायला चकचकीत पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटर वापरा. नुसत्या आवाजावरून अंदाज बांधला तर फसगत होते.

पावसाळ्यात पाणी. चाकणच्या एका सेलमध्ये जुलैत रोज सकाळचा पहिला तास बर राहायची, नंतर आपोआप सुधारायचं. ड्रायर चालू होता. पण सेलला जाणारी लाइन मुख्य पाइपच्या खालच्या बाजूने काढलेली होती, त्यामुळे रात्रभर पाइपात साचलेलं पाणी सकाळी थेट स्पिंडलमध्ये जायचं. लाइन वरच्या बाजूने काढून बाक देऊन खाली आणली, शेवटाला ड्रेन दिला आणि तक्रार संपली. तुमच्या शेडमधली लाइन पाइपच्या कुठल्या बाजूने निघते, ते आजच मान वर करून पाहा.

तेलाचं काय? पात्यांची मोटर असेल तर तिला बहुधा तेलाचे थेंब लागतात, टर्बाइन असेल तर तिला तेल अजिबात चालत नाही. एकाच शेडमध्ये दोन्ही प्रकार असतील तर लाइनवर ठळक पाटी लावा. पात्यांची मोटर बरेच दिवस बंद राहिली की घट्ट झालेल्या तेलाने पाती खाचेत अडकतात. इनलेटमध्ये दोन-चार थेंब तेल सोडून, कमी दाबावर काही सेकंद फिरवल्यावर ती बहुधा सुटतात.

कटर आणि कोलेट

कटर काढून उजेडात धरा. दात चांदीसारख्या थराने भरलेले दिसले तर कटर भरलाय. भरलेला कटर कापत नाही, घासतो, तापतो आणि नवी बर तयार करतो. अ‍ॅल्युमिनियमला मोठ्या, मोकळ्या खाचांचा, अ‍ॅल्युमिनियम कटचा कटर लागतो. बारीक जाळीदार, डबल कट कटर स्टील आणि बीडासाठी असतो. दोन्ही एकाच डब्यात ठेवले की चुकीचा लागणारच, म्हणून डबे वेगळे करा. कोटिंग घेणार असाल तर ज्यात अ‍ॅल्युमिनियम आहे असं टीआयएएलएन टाळा. जॉबचा धातू त्याला चिकटतो. झेडआरएन (झिर्कोनियम नायट्राइड) किंवा डीएलसी (हिऱ्यासारखा कार्बनचा थर) चांगलं.

यानंतर शँक, म्हणजे कटरचा कोलेटमध्ये जाणारा दांडा. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, हे डोळ्यांना सारखेच दिसतात. ६ मिमीचा शँक पाव इंचाच्या कोलेटमध्ये आवळला जातो, पण कोलेट त्याला पुढच्या टोकालाच धरतो. असा कटर थरथरतो, सरकतो आणि एखाद्या दिवशी उडतो. हा केवळ दर्जाचा प्रश्न नाही, कुणाच्या तरी डोळ्याचा आहे. कटर बसवण्याआधी प्रत्येक शँक व्हर्निअरने मोजायचा, ही सवय पूर्ण टीमला लावा.

कोलेट आतून पुसा. अ‍ॅल्युमिनियमचा एक कणही कटर तिरका करतो. कटर नसताना नट आवळू नका, कोलेट कायमचा दबतो. शँक जितका आत घालता येईल तितका घाला, कारण बाहेर निघालेली लांबी वाढली की थरथर झपाट्याने वाढते. लांब शँकच्या कटरला चालणारा वेग बराच कमी असतो. तो ३०,००० वर फिरवला तर वाकू शकतो. कटर आवळल्यावर शँक आणि नटवर मार्करने एक सरळ रेघ मारा. शिफ्टच्या शेवटी रेघ तुटलेली दिसली तर कटर फिरलाय.

शेवटी डायल गेज लावा. कोलेटमध्ये अचूक टेस्ट पिन धरून हाताने सावकाश फिरवा. मी ०.०३ मिमीपर्यंतचा डोल चालवून घेतो, त्यापुढे कोलेट बदलतो. नवा कोलेट लावूनही आकडा तोच राहिला तर दोष बेअरिंगचा. हाताने फिरवताना खरखर लागणं, पाच मिनिटं मोकळा चालवल्यावर पुढचा भाग हात ठेववत नाही इतका तापणं, या त्याच्या आणखी दोन खुणा. तापमान पाहण्यापूर्वी हवा तोडायला विसरू नका.

फ्लोट

फ्लोटला वेगळी हवा असते, तिचा दाब बराच कमी असतो, साधारण १ ते ४ बार. दाब कमी पडला तर कटर बरीवरून घसरतो, जास्त झाला तर कड खातो. पण रेग्युलेटर फिरवण्याआधी फ्लोट मोकळा हलतो का ते पाहा.

त्यासाठी सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा पुरे. मोटरची हवा बंद आणि कुलूपबंद, फ्लोटची हवा चालू. कटर काढून त्या जागी टेस्ट पिन लावा, तिला हुक अडकवा आणि चारही दिशांना सावकाश ओढा. किती किलोला स्पिंडल हलायला लागतो ते लिहा. चारही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. ही मोजणी स्पिंडल उभा, खाली तोंड करून धरून करा. आडवा असेल तर मोटरचं वजन एका बाजूला मिळतं आणि आकडे फसवतात. प्रत्यक्ष काम करतानाही हेच घडतं: तोच दाब, पण रोबोटने स्पिंडल आडवा केला की एका बाजूची कड जास्त कापली जाते. चित्रावर जॉबच्या एकाच बाजूला खुणा जास्त असतील तर हे आठवा. अशा वेळी दिशेनुसार फ्लोटचा दाब बदलणारा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह लावा, किंवा शक्य असेल तर जॉब धरायची पद्धत बदलून स्पिंडल उभा ठेवा.

एका दिशेचा आकडा फार वेगळा आला तर रबरी बूट फाटून आत चुरा गेला का ते पाहा. आणि नळी पाहा. ताठ, जाड नळी स्पिंडलला एका बाजूला ओढत राहते, फ्लोट मधोमध बसतच नाही. मनगटाजवळ मऊ नळीचा एक सैल वळसा ठेवला की हा दोष जातो. काम करताना फ्लोट आपल्या स्ट्रोकच्या साधारण मध्यावर असायला हवा. तो एका टोकाला टेकला की तुमचा फ्लोटिंग स्पिंडल कडक स्पिंडल होतो.

कडेवरच्या लाटा मोजा

कडेवर बारीक लाटा उठल्या की सगळे 'चॅटर' (थरथर) म्हणून मोकळे होतात. पण त्या लाटांत उत्तर लिहिलेलं असतं. स्केल किंवा व्हर्निअर लावून दोन लाटांमधलं अंतर मोजा. रोबोटचा वेग सेकंदाला ६० मिमी आणि अंतर ३ मिमी असेल, तर थरथर सेकंदाला २० वेळा होतेय. ३०,००० आरपीएमचा स्पिंडल सेकंदाला ५०० वेळा फिरतो. कटर वाकडा असता तर लाटा ०.१२ मिमीवर पडल्या असत्या, डोळ्यांना जेमतेम दिसल्या असत्या. सेकंदाला २० वेळा हलणारी वस्तू म्हणजे रोबोटचा लांबवलेला हात, सैल स्टँड किंवा फ्लोट. तिथे बेअरिंग बदलून काही मिळणार नाही.

पडताळून पाहायचं असेल तर त्याच कडेवर वेग दुप्पट करून एक जॉब चालवा. लाटांमधलं अंतरही दुप्पट झालं, तर थरथर खरी आहे. अंतर तेवढंच राहिलं, तर खाचा मार्गातच आहेत: जवळजवळ शिकवलेले, वरखाली झालेले पॉइंट, किंवा डायवरचीच खूण. इतक्या छोट्या प्रयोगातून इतकं सांगणारं दुसरं काही मला ठाऊक नाही.

थरथर खरी असेल तर आधी स्टँडचे फाउंडेशन बोल्ट आणि स्पिंडलच्या ब्रॅकेटचे स्क्रू पाहा, मग फ्लोटचा दाब थोडा बदला. जॉब रोबोटच्या जवळ आणता येत असेल तर आणा. दिशाही उलटी करून पाहा. मागून पाहताना कटर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर बाहेरच्या कडेभोवती घड्याळाच्याच दिशेने गेल्यावर क्लाइंब कटिंग होतं, म्हणजे दात जॉबला कटर सरकतो त्याच्या उलट दिशेने कापतात. आतल्या भोकाच्या कडेला उलट. फ्लोटिंग स्पिंडलवर क्लाइंबने लाटा कमी होतात असा माझा अनुभव आहे, पण दोन्ही दिशांनी एकेक जॉब काढून बघा आणि मगच ठरवा.

वेगाचा हिशेब

ट्रायल ३० टक्के ओव्हरराइडवर (म्हणजे ठरलेल्या वेगाच्या ३० टक्क्यांवर) घेऊन "ठीक आहे" म्हणू नका. बारा दातांचा कटर ३०,००० आरपीएमवर मिनिटाला ३,६०,००० काप घेतो. वेग सेकंदाला ६० मिमी, म्हणजे मिनिटाला ३,६०० मिमी असेल तर प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०१ मिमी येतं. ३० टक्क्यांवर ते ०.००३ होतं; तिथे दात कापत नाही, नुसता घासतो. त्यामुळे ओव्हरराइड कमी केल्याने कटर भरतो आणि दोष उलट वाढल्यासारखा दिसतो. मार्ग तपासायला कमी वेग वापरा, दर्जा तपासायला १०० टक्केच.

फिक्स्चर, आणि मग पेंडंट

फिक्स्चरच्या रेस्टिंग पॅडवर एखादा चुरा अडकला की जॉब उचलला जातो. ०.०५ मिमीचं फिलर गेज प्रत्येक पॅडखाली सरकवून पाहा; ते कुठेही जाता कामा नये. झिजलेली लोकेटिंग पिनही डायल लावून हलवून पाहा.

हे सगळं ठीक निघालं तरच रोबोट. कोलेटमध्ये टोकदार पिन लावून सेलमध्ये कायम बसवलेल्या दुसऱ्या टोकदार पिनशी भिडवा, चार वेगवेगळ्या कोनांतून. टोकं जुळत नसतील तर टीसीपी हललाय, धडक झाली असेल तर हमखास. रोबोटच्या प्रत्येक अ‍ॅक्सिसच्या शून्याच्या खुणाही पाहा. टीसीपी दुरुस्त केला की सगळे पॉइंट एकदम जागेवर येतात. पॉइंट एकेक करून सरकवले असतील तर मात्र सगळे बिघडतात. म्हणून आधी जुना, मंजूर झालेला बॅकअप चढवा आणि मगच तपासा.

फक्त कोपऱ्यातच बर राहत असेल तर रोबोट कोपरा गोल करून कापतोय. फॅनक रोबोटवर सीएनटी, एबीबीवर झोन (कोपरा किती गोल करायचा ते ठरवणारा आकडा) कमी करा. पण अगदी शून्य केलं तर रोबोट कोपऱ्यात थबकतो आणि तिथेच कड खातो. सगळीकडे चालणारा आकडा कुठलाच नाही. तो प्रत्येक कोपऱ्यावर, १०० टक्के वेगाने, जॉब काढत शोधावा लागतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलानंतर पुन्हा दहा जॉब, पुन्हा मार्कर, पुन्हा चित्र. दोष गेल्यावर सेलच्या दारावर एक कागद लावा: स्पिंडल चालू असतानाचा दाब, फ्लोटचा दाब, काट्यावरचे चार आकडे, कटरची बाहेर राहिलेली लांबी, एका कटरवर निघणारे जॉब. पुढच्या वेळी रात्रपाळीचा मुलगा पेंडंट उचलण्याआधी हा कागद पाहील.